परक्या पाण्यातला जीव

१

शाळेतली खिचडी उतरवून, मोठी पातेली घासायला टाकून सुसाना घरी यायची, तेव्हा खापर गावच्या पेठेत सावलीसुद्धा भिंतीला चिकटून बसलेली असे. गुडघे ठणकत, अंगाला चुलीचा वास, डोळ्यांत झोप. आडवं व्हायचं सोडून ती तोंडावर पाणी मारायची आणि शेजारच्या प्यारीबाईंचा मागचा दरवाजा ढकलायची. शेजारधर्म होताच, पण खरं सांगायचं तर शेजारच्या घरात आज काय झालं हे कळल्याशिवाय तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

ती नवापूरकडच्या डोंगरातली, ख्रिस्ती, सातवीपर्यंत शिकलेली. नवरा ट्रकवर होता, तो ट्रकवरच गेला. पोरगी रिबेका वापीच्या दवाखान्यात नर्स. आता घरात सुसाना आणि भिंतीवरचं घड्याळ. प्यारीबाईंचंही तसंच. खाली कापडाचं दुकान होतं. नवरा माणकचंद शेठ गेले आणि त्याचं शटर पडलं ते पडलं. मुलगा श्रेणिक सुरतेत धंद्याला लागला. आई मात्र इथेच, मागच्या पडवीतल्या आडाच्या सोबतीने. एक मीठमिरचीचं मटण खाणारी, एक जैन, कांदालसूणही न शिवणारी. तरी दोघींचं दुपारचं बसणं कधी चुकलं नाही.

श्रेणिक रोज दिवेलागणीला सुसानाला फोन करी. आईला विचारून काय उपयोग, ती ठीकच म्हणणार. "सुसानाबेन, बा ठीक ना?" सुसाना म्हणे, ठीक. त्या एका शब्दावर प्यारीबाईंचं या घरातलं राहणं टिकून होतं. घराला गिऱ्हाईक तयार होतं आणि श्रेणिकने आईला बजावलं होतं, की जरा काही बिघडलं की मी गाडी घेऊन येईन, मग रडू नको. प्यारीबाईंनी तेव्हाच सुसानाचा हात धरला होता. सुरतेत सातव्या मजल्यावर पाणी नळातून येतं, ते कुठलं, कोणाचं, काही कळत नाही; मी तिथे दोन महिने जगणार नाही, म्हणाल्या होत्या. सुसानाने शब्द दिला होता. त्यात तिचाही स्वार्थ होता. प्यारीबाई गेल्या तर दुपारचं दार ढकलायचं कोणाचं?

तर दुपारचा नेम असा: प्यारीबाई चहा टाकत, सुसाना टीव्ही लावी, आणि दोघी तो समुद्रातल्या जनावराचा पिक्चर बघत. रोज तोच.

दिवाळीत श्रेणिकची मुलगी मुस्कान आली होती, तिने पेनड्राइव्ह लावून दिला होता. हिंदीत आवाज भरलेला कुठला तरी परदेशी सिनेमा. मालिका प्यारीबाईंना नको असत. सासवासुनांची भांडणं जन्मभर घरात फुकट बघितली, म्हणायच्या. पण हा पिक्चर त्यांच्या मनात बसला. त्यांनी समुद्र कधी बघितलाच नव्हता. सुरतेला जाऊनही नाही. श्रेणिकला वेळ नसे.

सुरुवातीलाच किनाऱ्यावर एक बाई चपला काढून पाण्यात शिरते, वाकते, ओंजळीत पाणी घेते. मग एक आवाज येतो. ओल्या तळहाताने पितळेचं पातेलं आतून पुसावं, तसा. पुढच्या क्षणी किनाऱ्यावर नुसत्या चपला. ते जनावर अख्खं कधी दिसतच नाही. कधी पाण्याखालून सरकणारी पाठ, कधी एक डोळा, कधी बोटीच्या कडेला लागलेलं काहीतरी. शेवटी माणसं त्याला सुरुंग लावून उडवतात. तिथे प्यारीबाई चष्मा काढत. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिला लाल नाडा बांधलेला. डोळे पुसत आणि त्या जिवाची क्षमा मागत पुटपुटत, मिच्छामि दुक्कडं.

"ते बिचारं तेना पानीमा व्हतं," त्या म्हणत. "माणसं तेना घरमा गयात. मंग मारं कोणले? तेलेच."

"काकी, तेनी किती माणसं खाधी."

"भूक लागनी व्हई. तू नही खास?"

सुसाना हसे. आदल्या रात्रीचे मासे तिला आठवत आणि ती बशी तोंडाला लावी.

२

होळीनंतरची गोष्ट. उन्हं तापू लागली होती. सुसाना थकून आली होती. त्या दिवशी शाळेत गॅस संपला आणि लाकडावर शिजवावं लागलं. पिक्चर लागला, बाई पाण्यात उतरली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं.

आवाज आला नाही.

बाई सरळ उभी राहिली. इकडेतिकडे बघितलं. पुन्हा वाकली, पुन्हा पाणी घेतलं, सोडलं. ती बराच वेळ तशीच उभी होती, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग चित्र पुढे सरकलं, बोट आली, माणसं आली. सगळी पाण्याकडे बघत होती. दुर्बिणी लावत होती, एकमेकांवर ओरडत होती. पाणी सपाट होतं. शेवटी सुरुंगाचाही पत्ता नाही. बोटीवरचे लोक कठड्याला धरून उभे, आणि पिक्चर संपला.

सुसानाने मनाला समजावलं. आपल्याला डुलकी लागली असणार. लाकडाच्या धुराने डोकं धरतं, त्यात असं होतं. नाहीतर मुस्कानने होळीच्या सुट्टीत दुसराच भाग भरला असेल. आजकाल एकाच पिक्चरचे चार तुकडे निघतात. तिने प्यारीबाईंना विचारलं, काकी, आज जनावर आलं का?

प्यारीबाई टीव्हीकडे बघत होत्या. "नही उनं," म्हणाल्या. आश्चर्य नाही, काही नाही. जसं दूधवाला आज आला नाही म्हणावं.

दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सुसाना मुद्दाम गार पाण्याने डोकं भिजवून बसली. ती बाई पाण्यात उभीच. सुसानाला तिची दया आली, आणि मग भीती वाटली. तिला कोणी खाल्लं नव्हतं, तरी ती परत का फिरत नव्हती?

चहा त्याच दिवशी पहिल्यांदा खारट लागला.

३

आता प्यारीबाईंचं पाणी कसं, ते सांगायला हवं.

ग्रामपंचायतीचा नळ दारात असूनही त्या आडाचंच पाणी पीत. शेंदलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, मग उकळत. त्यात नवल नाही. त्यांच्यात सगळेच गाळतात. पण फडक्यावर जे राहतं, डोळ्याला न दिसणारे जीव, त्याला त्या जिवाणी म्हणत, आणि ती मोरीत झटकत नसत. फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं, ते पाणी बादलीत घ्यायचं आणि परत त्याच आडात सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही, नाहीतर जीव आपटून मरतील. त्यासाठी त्यांची एक वेगळी छोटी बादली होती. तिच्या बुडाला कडी, कडीला बारीक सुतळी. मोठ्या दोरीने बादली अगदी पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग सुतळी हळूच ओढायची. बादली कलंडते आणि जीव आपल्या पाण्यात उतरतात, पाहुणा उंबरा उतरावा तसे. रोज. ताप असला तरी, शेठजींची तिरडी बांधली त्या दिवशीही.

ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात, हा त्यातला मोठा नियम. सुसानाला तो पाठ झाला होता.

म्हणून चहा खारट का, हे तिने खोदून खोदून विचारलं, आणि प्यारीबाईंनी चहाच्या बशीकडे बघत सांगून टाकलं. होळीला मुस्कानने दादीसाठी सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं होतं. तू समुद्र समुद्र करतेस ना, म्हणे, घे, बघ. पोरगी लाडाने घेऊन आली होती. प्यारीबाईंनी ते बशीत ओतून बघितलं, वास घेतला, बोट लावून चाखायला गेल्या आणि थबकल्या. न गाळलेलं पाणी ओठाला कसं लावायचं? मग सवयीने हात चालले. फडकं घेतलं, गाळलं, फडकं धुतलं, छोटी बादली भरली आणि आडात सोडली. सुतळी ओढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोरी हातात तशीच धरून त्या बसून राहिल्या होत्या.

"पन्नास वरीस हाऊ हात चुकना नही," प्यारीबाई म्हणाल्या. "परका जीव मी परका पानीमा टाकी दिधा. तो तठे कसा ऱ्हाई?"

सुसाना म्हणाली, काकी, बाटलीभर पाण्यात असं काय असणार. मरूनही गेलं असेल.

"मरनं नही," त्या म्हणाल्या, आणि चहा ढवळत राहिल्या.

४

सुसानाचं मन दोन्हीकडे धावत होतं. आड खारा होतो, हे तिने ऐकलं होतं. पाणी खाली गेलं की क्षार येतात. टीव्ही जुना, पेनड्राइव्ह बिघडला असेल. म्हातारं माणूस एकटं राहिलं की एखाद्या गोष्टीचं खूळ घेतं. प्रत्येकाला उत्तर होतं. सगळी उत्तरं एका ओळीत उभी केली की मात्र तिला त्यांच्याकडे बघवत नसे.

प्यारीबाई सुकत चालल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण होई, ते आता दोन घासांवर आलं. लुगड्याचा काठ नेहमी ओला, वाळला की त्यावर पांढरी रेघ. आणि पडवीत एक वास. सुसानाला तो बाजाराच्या दिवशीचा वाटे, सुक्या बोंबलाच्या टोपल्यांचा. जैनाच्या घरात.

संध्याकाळी श्रेणिकचा फोन येई. बा ठीक ना? ठीक, ती म्हणे. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातपाय न धुता बसून राही.

एका दुपारी प्यारीबाईंना उठवेना. कंबर धरली होती. सुसाना, आज तू सोड, म्हणाल्या, रोजचं चुकायला नको. सुसाना म्हणाली, काकी, मी मासे खाणारी, माझा हात चालेल का तुमच्या देवाला? त्या हसल्या. "तेले चाली," म्हणाल्या. कोणाला, ते सुसानाने विचारलं नाही.

पडवीत ऊन कौलांच्या फटींतून पडलं होतं. आडाच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा. सुसानाने बादली सोडली. दोरी हातातून सरकत होती, वजन जाणवत होतं. किती खाली जाते याचा अंदाज तिला बघून बघून होता. अजून पाणी बरंच लांब होतं.

आणि वजन गेलं.

बादली पाण्याला टेकल्यावर दोरी ढिली पडते, थोडी हेलकावे खाते, ते तिला माहीत होतं. हे तसं नव्हतं. आपण पाटावर बसून भरलेलं ताट पुढे करावं आणि सुनेने ते दोन्ही हातांनी अलगद घ्यावं, तसं कोणीतरी बादली तिच्याकडून घेतली. सुतळी तिने ओढलीच नव्हती. ती आपोआप ताणली गेली, हळूच, आणि खाली काहीतरी सांडल्याचा बारीक आवाज आला. मग बादलीचं वजन परत तिच्या हातात आलं. रिकाम्या बादलीचं, तेवढंच.

आत वाकून तिने बघितलं नाही. तिने बादली वर ओढली आणि कडीला बोट लावलं. कडी ओली होती, गरम होती.

खाटेवरून प्यारीबाईंनी विचारलं, "लिधी ना तेनी?"

हो, सुसाना म्हणाली.

"पहिले ते ओढी ले. दोरी जाये हातमाईन," प्यारीबाई सांगत होत्या, लेकराचं कौतुक सांगावं तसं. "मी रोज दखाडं. आते शिकनं. जीवले धक्का नही लागू देत." मग त्यांचा आवाज उतरला. "पन तेनं पानी ते हाई नही ना. रोज वर येस. थोडं थोडं वर येस. तेले वाट सापडत नही."

आडातून आवाज आला. ओला तळहात, पितळेचं पातेलं. टीव्ही बंद होता.

५

त्या संध्याकाळी श्रेणिकने विचारलं, बा ठीक ना, आणि सुसाना म्हणाली, "नही भाऊ. घेऊन जा त्यांना."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण स्वतःचंच दार लावून घेतलं. पण काकी त्या घरात राहिल्या तर एक दिवस आडाच्या काठाशी नुसत्या चपला सापडतील, हे तिला आता दिसत होतं. सुरत लांब होती. सातवा मजला उंच होता. तिथे आड नव्हता.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी श्रेणिक गाडी घेऊन आला. प्यारीबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी सुसानाकडे एकदाच बघितलं; त्यात राग नव्हता. चला, बरं झालं, एवढंच होतं, थकलेल्या माणसाने ओझं दुसऱ्या खांद्यावर घेतल्यावर दिसतं तसं. सामान काही नाही घेतलं. पितळेची कळशी घेतली, तोंडाला गाळायचं दुहेरी फडकं बांधलेली. कळशी हिंदकळत होती. श्रेणिक म्हणाला, बा, पाणी तिथे मिळतं की. त्या म्हणाल्या, हे प्यायचं नाही.

गाडीत बसताना त्यांनी त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं. घरी जायच्या आधी समुद्र दाखवायचा. तो हसला. आयुष्यभर मागितलं नाहीस ते आज मागतेस, म्हणाला. दाखवतो, बा, वाटेतच जाऊ.

मग सुसाना पुढे झाली, चष्म्याचा लाल नाडा सुटत होता तो तिने घट्ट बांधला. प्यारीबाईंनी घराची किल्ली तिच्या मुठीत दाबली.

"मी आनलं तेतलं समुद्रले परत लई चालनू," त्या हळूच म्हणाल्या, कळशीवर हात ठेवून. "सगळं कळशीमा उनं का नही, देव जाणे. तू रोजनं चुकाडू नको, सुसाना. तेले सवय शे."

गाडी अक्कलकुव्याच्या उलट दिशेला वळली, गुजरातकडे. सुसाना रस्त्यात उभी राहिली, धूळ बसेपर्यंत. मग शाळेत गेली. खिचडी कोणासाठी थांबत नाही.

६

दुपारी ती परत आली तेव्हा तिने ठरवलं होतं, आज झोपायचं. पडली. पंखा फिरत होता, डोळे मिटत नव्हते. शेजारचं घर भिंतीपलीकडे होतं आणि त्यात कोणी नव्हतं. तिने स्वतःला बजावलं, तू त्यांना वाचवलंस. आता ते आडाचं खूळ संपलं. कळशीत होतं ते गेलं, म्हातारी सुखाने राहील, आठ दिवसांनी फोनवर नळाच्या पाण्याला नावं ठेवेल.

पण सांगितलेलं काम राहिलं तर सुसानाला चैन पडत नसे. आणि बघितल्याशिवायही.

कुलूप उघडलं. बैठकीत खाट तशीच, चादरीवर अंगाचा खळगा. सवयीने तिने टीव्ही लावला. निदान माणसांचा आवाज तरी. किनारा आला. बाई पाण्यात होती, इतके दिवस उभी होती तशीच. ती वाकली. ओंजळीत पाणी घेतलं.

आवाज आला.

इतका मोठा कधीच आला नव्हता. खिडकीची काच वाजली. सुसानाने दचकून डोळे मिटले, उघडले, तर किनाऱ्यावर नुसत्या चपला होत्या.

म्हणजे ते परत आलं, तिला वाटलं. आपल्या जागी गेलं. काकींनी सोडलं. त्या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं, की पायातलं दुखणंसुद्धा सरलं. तिने टीव्ही बंद केला.

आवाज चालूच होता. पडवीतून येत होता.

ती कशी चालत गेली ते तिला कळलं नाही. आडाच्या काठावरून तिने या खेपेला वाकून बघितलं. उन्हाचा एक कवडसा आत उतरला होता. पाणी जिथे असायला हवं तिथे नव्हतं, खूप वर होतं, आणि ते पाण्यासारखं हलत नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीतरी भरलं होतं, ओलं, राखाडी. कवडसा पडला तिथे ते किंचित आवळलं. डोळ्यात कचरा गेल्यावर पापणी आवळते, तसं.

ती मागे सरली. पळायला हवं होतं. पण छोटी बादली काठावर नव्हती. मोठी दोरी खांबाला बांधलेली होती आणि आडात गेलेली होती, ताठ. ती बादली सुसानाने सोडलेली नव्हती.

दोरी दोनदा हलकेच ओढली गेली. घे, म्हणावं तशी.

तिने दोन्ही हातांनी ओढली. बादली वर आली, जराही न हिंदकळता, जणू कोणी खालून तळवा लावून पोचवत होतं. आत थोडंसं पाणी होतं. कोणाला लागू नये, आपटू नये, अशा बेताने त्यात काहीतरी ठेवलं होतं. जे आपल्या पाण्यातलं नाही, ते ज्याचं त्याच्याकडे.

चष्मा होता. एका दांडीला लाल नाडा. सकाळी तिनेच घातलेली गाठ.

पदरात ठेवलेला फोन वाजू लागला. श्रेणिकचं नाव होतं; एव्हाना तो काकींना घेऊन समुद्रावर पोचला असणार. तो नेहमी दिवेलागणीला फोन करतो, आणि पडवीत अजून दुपारचं ऊन होतं. सुसाना चष्मा धरून उभी राहिली. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. बादलीची दोरी तिच्या हातात ढिली पडली. खाली कोणीतरी रिकाम्या बादलीची वाट बघत होतं.